लग्नाचं शूटिंग शिकताय? आधी जागा धरायला शिका

मी एकट्यानं घेतलेल्या पहिल्या लग्नात अंतरपाट निघाला, त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे. फक्त त्यात नवरा-नवरी नाहीत. मुलीच्या मामांचा फेटा आहे, तुरेदार, कडक फोकसमध्ये. त्याच्या मागे कुठेतरी नवरी असावी. कॅमेरा चांगला होता, लेन्स उसनी असली तरी चांगली होती, उजेडही पुरेसा होता. उभा राहिलो होतो तेवढं चुकलं. नवरीच्या आईनं अल्बम बघताना ते पान दोनदा मागं-पुढं केलं आणि काही न बोलता पुढं उलटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

या कामात येणारी पोरं पहिल्यांदा विचारतात, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "गौरीहर कुठं मांडतात, माहितीय का?" बहुतेकांना माहीत नसतं. स्वतःच्या घरात चार लग्नं झालेली असतात, पण तेव्हा ती पंगतीत किंवा वरातीत असतात. म्हणून हा लेख कॅमेऱ्यापासून सुरू करत नाही.

आधी दुसऱ्याच्या हाताखाली

एक अख्खा सिझन कुणाच्या तरी हाताखाली काढा. लाइट धरा, वायर गुंडाळा, बॅटऱ्या चार्जिंगला लावा. लाइट धरणारा पोरगा लग्न सगळ्यात जवळून बघतो आणि त्याच्यावर कसली जबाबदारी नसते, इतकी चांगली शाळा नाही. दहा-बारा लग्नं झाली की कुठल्या विधीनंतर कुठला येतो, गुरुजी कुठे घाई करतात, कुठला काका रुसून बसतो, हे न सांगता कळायला लागतं.

आणि ही लग्नं एकाच प्रकारची नकोत. कोकणातल्या ब्राह्मणी लग्नाचा क्रम वेगळा, साताऱ्याकडच्या मराठा लग्नाचा वेगळा. गावाकडे मुहूर्ताआधी नवरा घोड्यावरून मारुतीला जातो, परण्या निघतो, त्याला वेगळा माणूस लागतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नाही, होम नाही. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा आणि फुलं. सगळं थोडक्यात आटोपतं आणि जोडी पांढऱ्या कपड्यांत असते, त्यामुळे पांढरं जळून जाणार नाही असं एक्स्पोजर धरावं लागतं. तिथे जाऊन "सप्तपदी कधी?" असं विचारणारा फोटोवाला मी बघितलाय. बौद्धाचार्य शांतपणे हसले, मुलीच्या भावाला मात्र हसू आलं नाही.

पिशवीत काय असावं

दोन कॅमेरे. एक मालकीचा आणि एक भाड्याचा असला तरी चालेल, पण दोन. एकाच कॅमेऱ्यावर लग्नाची ऑर्डर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याशी जुगार. शक्यतो दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिणारा कॅमेरा घ्या. लेन्समध्ये २४-७० मिलिमीटरची, एफ २.८ ची (म्हणजे कमी उजेडातही चालणारी) मिळाली तर ऐंशी टक्के लग्न तिच्यावरच निघतं. परवडत नसेल तर ३५ आणि ८५ या एफ १.८ च्या दोन लेन्स घ्या. ७०-२०० लागेल तेव्हा भाड्यानं आणा.

कार्ड एकच २५६ जीबीचं घेऊ नका, ६४ ची चार घ्या. गेलं तर एक जाईल, सगळं लग्न जाणार नाही. हिशोब सांगतो. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्ड केला तर तासाला ४५ जीबी खातो. हळद आणि लग्न मिळून किती तास धावणार, ते आदल्या दिवशीच मोजा. मुहूर्ताला कार्ड भरल्याचा मेसेज येणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट मेसेज आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यूट्यूबवरचे परदेशी धडे बघून शिकलेली पोरं हमखास इथे अडकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे कार्यालयातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचे लोक सेकंदाला ३० फ्रेम आणि सेकंदाच्या १/६० शटर सांगतात. तेच इथे लावलं की व्हिडिओवर काळे पट्टे वर-खाली पळताना दिसतात. आपण २५ फ्रेमला १/५०, स्लो मोशनसाठी ५० फ्रेमला १/१००. फोटोतही पट्टे यायला लागले तर १/१०० वर या. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा मात्र भरवसा नाही. तिथे आधी जाऊन चाचणी घ्यायची आणि तरीही पट्टे आले तर ती भिंत फ्रेमबाहेर ठेवायची.

आणि सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच मिनिटाला लावा. ही फुकटची गोष्ट आहे. विसरलात तर घरी आल्यावर एका कॅमेऱ्यात नवरी सासरी पोचलेली असते आणि दुसऱ्यात तिला अजून हळद लागत असते.

ड्रोनबद्दल थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा लाल (बंदीच्या) किंवा पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) पट्ट्यात आहे का, ते बघावं लागतं. पुण्यात लोहगाव, नाशिकला देवळाली-ओझर अशा लष्करी आणि विमानतळाच्या भागात उगाच हौस करू नका. प्रमाणपत्र असलेला माणूस रोजावर बोलावणं शहाणपणाचं.

तारीख घेताना

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की आपला सिझन उघडतो आणि चातुर्मास लागला की मिटतो. मध्ये पौषात शुकशुकाट. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसा, विवाहमुहूर्ताच्या तारखा डायरीत उतरवून ठेवा. अधिक महिना कधी आहे तेही बघा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना कोरडा. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र अधिक महिना पाळत नाही.

पार्टी, म्हणजे लग्नघरची माणसं, भेटायला आली की पैशाआधी प्रश्न विचारा. मुहूर्त किती वाजताचा? हळद कुठे, मुलाकडे की मुलीकडे, की दोन्ही एकत्र? कार्यालय की लॉन? दोन्हीकडचे मिळून फोटोवाला एकच आहे की दुसरा कुणी येणार? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दोन पक्षांचे दोन फोटोवाले एका अंतरपाटापुढे उभे राहिले की दोघांच्याही फोटोत एकमेकांच्या पाठी येतात. दुसरा कोण आहे ते आधी कळलं तर फोन करून ठरवता येतं.

मग लिहून द्या. किती माणसं येणार, किती तास, अल्बमची किती शीट आणि कुठली साइज (१२ बाय ३६ इंच सध्या सर्रास चालते), हार्डडिस्क कुणी आणायची, प्रवास-मुक्काम कुणाचा, व्हिडिओ किती लांबीचा. पैशाचे तीन भाग करा: तारीख धरताना विसार, हळदीच्या दिवशी दुसरा हप्ता, आणि बाकी अल्बम हातात देण्याआधी. "घरचंच लग्न आहे, नंतर बघू की" म्हणणारा माणूस हा हमखास तुमचा लांबचा नातेवाईक असतो. त्याच्याकडून तर आधी घ्या.

लग्न पुढं ढकललं तर काय, हेही कागदावर हवं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं लग्न २ तास आणि २५ माणसांवर आणलं, तेव्हा विसाराच्या पैशावरून किती घरांत आणि किती स्टुडिओत वाद झाले, ते त्या काळात धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा.

आणखी एक कलम बहुतेक जण विसरतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो किंवा फिल्म काढून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे फोटो तुम्ही काढला तरी तो पार्टीचा. इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर तशी परवानगी करारातच घ्या. काही मुलींना स्वतःचे फोटो बाहेर नको असतात, त्यांचं ऐका.

आदल्या दिवशी

कार्यालयात जा. मुहूर्ताच्याच वेळेला गेलात तर उत्तम, ऊन कुठून येतं ते कळतं. मंडपाचं कापड गुलाबी किंवा पिवळं असेल आणि वरून दुपारचं ऊन पडत असेल तर सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होणार, हे मनात धरून ठेवा. स्टेज केवढं, होम कुठे, वीज गेली तर जनरेटर आहे का, ते बघून घ्या.

दोन्ही घरांतून एकेक माणूस मागून घ्या, जो सगळ्यांना नावानिशी ओळखतो. बहुधा ती आत्या असते किंवा करवली. तिच्याकडून यादी करून घ्या: आजी-आजोबा, मामा, काका, मानाची माणसं. तिलाच हळूच विचारा की घरात अलीकडे कुणी गेलंय का, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे का. वारलेल्या वडिलांचा फोटो हार घालून कुठेतरी ठेवलेला असतो. त्याचा एक फोटो न सांगता काढा. तो अल्बममध्ये दिसला की ती माणसं तुम्हाला विसरत नाहीत. आणि वडील नसलेल्या मुलीला स्टेजवर सगळ्यांदेखत "आता आई-वडील या" असं ओरडायची वेळ तुमच्यावर येत नाही.

लग्नाचा दिवस

हळदीला कॅमेऱ्यावर प्लास्टिक चढवा. ओली हळद आणि तेल बटणांत गेलं की निघत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका. मागे झेंडू, अंगावर पिवळं, चेहऱ्याला पिवळं, असं सगळं पिवळं बघून कॅमेरा घाबरतो आणि निळ्याकडे ओढतो, मग माणसं आजारी दिसतात. बाहेर उन्हात ५२०० ते ५६०० केल्विनच्या मध्ये हातानं लावा आणि विसरून जा. मुलाची उष्टी हळद मुलीकडे येते त्या ताटाचा एक फोटो हवाच.

नवरीच्या खोलीत जाताना दार वाजवा. टीममध्ये एखादी मुलगी असेल तर तिलाच तिथे पाठवा. नथ, हिरवा चुडा, मुंडावळ्या बांधताना आईचे हात हे फोटो खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅश नको.

मुहूर्ताच्या आधी नवरी गौरीहरापाशी बसते. सगळ्या लग्नात तिला एवढीच दहा मिनिटं शांत मिळतात, आणि तुम्हालाही. एक माणूस तिच्याजवळ ठेवा. मामा तिला न्यायला येतो तेव्हा तोच माणूस पुढे होऊन, उलटं चालत, मांडवापर्यंत येईल. दुसऱ्यानं तोवर स्टेजवरची जागा सोडायची नाही. पाणी प्यायलाही नाही.

आता अंतरपाट. त्याची दोन टोकं दोघं धरतात, त्यातला एक प्रेक्षकांच्या बाजूला उभा असतो आणि तो नेमका तुमच्या आड येतो. म्हणून आधीच गुरुजींना गाठा, नमस्कार करा आणि विचारा, "गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार?" बहुतेक जण उत्तरेकडे ओढतात. त्याच्या समोरची बाजू तुमची. नवरा-नवरी दोघंही बाजूनं दिसतील अशा ठिकाणी, खाली गुडघ्यावर बसा. बसल्यानं मागच्या पाहुण्यांच्याही शिव्या वाचतात. दुसरा कॅमेरा समोर गर्दीच्या मागे, स्टुलावर, लांब लेन्स लावून. तिसरा असेल तर स्टेजच्या मागच्या कोपऱ्यातून, तिथून हवेतल्या अक्षता आणि लोकांचे चेहरे मिळतात.

मंगलाष्टका किती चालतील याचा नेम नाही. एखादी मावशी स्वतः रचलेली, सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफलेली मंगलाष्टका चार पानं गाते. गावाकडे त्याआधी पुढाऱ्यांचे आशीर्वादही असतात. १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त दीडला लागताना मी बघितलाय आणि घड्याळाकडे बघणारा मांडवात मी एकटाच होतो. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाले की रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, आणि मे महिन्यात फोर-के वर तापून बंदही पडतात. म्हणून कान गुरुजींकडे ठेवा. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" हे शब्द आले की शेवट आला. त्याच्या जरा आधी, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, रेकॉर्डिंग बंद करून ताबडतोब नव्यानं सुरू करा. फोटोवाल्यानं बोट बटणावर ठेवायचं. "सावधान" म्हणेपर्यंत थांबलात तर वाजंत्री सुरू झालेली असते, कापड निघालेलं असतं, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं ती पहिली नजर गेलेली असते. हार परत घालायला लावता येतो. नजर परत घालता येत नाही.

हार घालताना मित्र नवऱ्याला उचलतात, तेव्हा वाइड लेन्स हवी. लेन्सवर अक्षता पडल्या तर फुंकर किंवा ब्लोअर वापरा. कापडानं पुसलंत की कुंकू पसरतं. पुढे एक साधा काचेचा फिल्टर लावलेला असला की डोक्याला ताप नाही.

यानंतर गर्दी जेवायला पळते. कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं मोजक्या माणसांत होतं आणि नवशिका फोटोवालाही नेमका तेव्हाच ताटावर बसलेला असतो. टीमनं आळीपाळीनं जेवायचं. मंगळसूत्राला नवऱ्याच्या पाठीमागून खांद्यावरून बघा, हात दिसले पाहिजेत. लाजाहोमाला धूर येतो, वाऱ्याची दिशा बघून बसा. तिथेच नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. ते एका झटक्यात होतं, म्हणून भाऊ पुढे सरकला की त्याच्यावरून डोळा काढू नका. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींच्या पलीकडच्या टोकाला, जमिनीलगत.

सूनमुखाला सासू आरशात सुनेचं तोंड बघते. इथे कॅमेरा आरशाच्या चौकटीवर फोकस करतो आणि आतला चेहरा धुरकट येतो. सासूच्या खांद्यामागून, फोकस हातानं, आतल्या चेहऱ्यावर. झाल, म्हणजे मुलगी सासरच्यांना सोपवायचा विधी, त्या वेळी टोपलीतल्या दिव्यांचा उजेड सुंदर असतो, तुमचा लाइट विझवा.

पाठवणीला मागे सरा. लांब लेन्स लावा, लाइटवाल्याला लाइट खाली घ्यायला सांगा, कमी उजेडामुळे फोटो दाणेदार आला तरी चालेल. रडणाऱ्या आईला "मावशी, जरा इकडे बघा" म्हणणाऱ्याला मी टीममधून काढतो.

वरातीत डीजेच्या लेझरकडे कॅमेरा रोखू नका, सेन्सर जळतो आणि तो दुरुस्त होत नाही. घरी पोचताना सगळ्यांच्या आधी घरात शिरा. नवी सून माप ओलांडते तो फोटो आतूनच काढायचा असतो, आणि उंबऱ्यात वीस माणसं उभी राहिल्यावर तुम्हाला कुणी आत सोडत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितात, ते वरून घ्या.

स्टेजवरची रांग

आहेराची रांग म्हणजे कंटाळा, पण अल्बम उघडल्यावर लोक आधी स्वतःला शोधतात. "ओ फोटोवाले, आमचा एक घ्या की!" हे आलं की घ्यायचा. कॅमेरा स्टँडवर, फ्लॅश छत्रीतून, एफ ५.६, म्हणजे दोन रांगांतले सगळे स्पष्ट येतात. प्रत्येक घोळक्याचे दोन-तीन, कुणीतरी डोळे मिटतंच. यादीवाली आत्या बाजूला उभी करा.

आवाजाचं

व्हिडिओवाले चित्राच्या मागे लागतात आणि मंगलाष्टका घर्र घर्र ऐकू येतात. साउंडवाल्याला चहा पाजा आणि त्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन छोट्या रेकॉर्डरला जोडा. पातळी ऑटोवर नको. बोलणं साधारण उणे १२ डेसिबलवर येईल अशी ठेवा, कारण शेवटी ताशा कडाडणार आहे.

घरी आल्यावर

झोपायच्या आधी कॉपी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. पार्टीला फोटो पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. तीन हजार फोटो असतील आणि एकेकाला फक्त पाच सेकंद दिलेत तरी निवडायला चार तासांवर जातात, तेव्हा दर सांगताना हेही तास धरा. एडिटिंगसाठी आपल्याकडे अजून एडियस खूप चालतं. पैसे नसतील तर दाविंची रिझॉल्वची फुकटची आवृत्ती पुरते. सिनेमातलं गाणं टाकलेला व्हिडिओ पार्टीला यूट्यूबवर चढवून द्यायचं मात्र कबूल करू नका, कॉपीराइटवरून तो अडकतो.

आठवड्याभरात हार घातलेला एक स्वच्छ, सरळ फोटो ४ बाय ६ मध्ये छापून त्या घरी पोचवा. विवाह नोंदणीच्या वेळी पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात, आणि तेव्हा ती माणसं तुम्हाला रात्री अकरा वाजता फोन करतात.

अल्बमसाठी फोटो निवडून द्यायला पार्टी वर्ष वर्ष लावते. आधी मुलगी गडबडीत, मग सासरी, मग बारशाची तयारी. म्हणून करारात शेवटची ओळ घाला: ३० दिवसांत निवड आली नाही तर आम्ही निवडू तेच फोटो अल्बममध्ये जातील. ती ओळ लिहिली की निवड बरोबर एकोणतिसाव्या दिवशी येते.